जिवलीची कळशी

तलासरीच्या नाक्यावर उन्हाळ्यात कोणी आडवा पडला, की लोक 'बेवडा' म्हणून त्याला ओलांडून जातात. जिवली ओलांडत नाही. कळशी घेऊन धावते, त्याच्या डोक्यावर पाणी ओतते. मग तो मेला शुद्धीवर येऊन तिलाच आईबहिणीवरून शिव्या घालतो. रिक्षावाले हसतात. "आली बघा वेडी," म्हणतात. मी तिथंच पुलाच्या सावलीत बसून ताडगोळे विकते. माझ्यासमोर म्हणा ना कोणी! एकेकाला सोलून ठेवीन.

जिवली माझी चुलत जाऊ. तिचा नवरा पांड्या ताडी काढायचा. लग्न झालं तेव्हा काढायचा तेवढीच प्यायचासुद्धा. एकदा झिंगून घरी आला, तान्ह्या प्रगतीला उचलायला गेला नि पोर हातातून निसटून उंबऱ्यावर आदळली. पोर वाचली, कपाळावर खूण राहिली. त्या दिवशी त्यानं घरातल्या देवापुढं नारळ फोडला आणि कानाला खडा लावला. पुन्हा थेंब नाही. लग्नात नाही, होळीला नाही. पण धंदा तोच. सकाळ-दुपार-संध्याकाळ झाड चढायचं, मडकी उतरवायची. उतरताना ताडी अंगावर सांडायची, सदरा सदानकदा आंबूस वास मारायचा. ताडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, तशातली गत. जिवली मात्र पाड्यावर मान वर करून फिरायची. "माझा घरवाला काढतो, पीत नाही." केवढा तोरा होता तिला त्याचा!

त्या वर्षी वैशाख नुसता जाळत होता. हातपंपातून हवा यायची, पाणी नाही. जिवली सकाळी लांबच्या विहिरीवर गेली होती, ती भर दुपारी एक गढूळ कळशी घेऊन परत फिरली. वाटेत आंब्याखाली पांड्या पडलेला. भोवती पाड्यावरचीच पोरं, रानशेतला लग्न आटपून आलेली. त्यांनीच त्याला उन्हातून ओढून सावलीत टाकला होता, तेवढं मात्र खरं.

"काकी, काकाची शपथ सुटली गं!" त्यातला दिपक म्हणाला, आणि सगळे फिदीफिदी हसले.

पांड्याचे डोळे लाल. जीभ जड. उठायला गेला नि तिथंच कलंडला. जिवलीनं वाकून त्याचा सदरा हुंगला. ताडी. प्रगतीचं लग्न ठरत होतं तेव्हा. मुलाकडच्यांनी तेवढं एकच विचारलं होतं, बाप पितो का म्हणून, आणि जिवलीनं छातीवर हात मारून 'नाही' सांगितलं होतं. आता ही पोरं गावभर बोंब मारणार.

पांड्यानं कळशीकडं हात केला. "पाणी," म्हणाला.

"ज्यानं पाजली त्याच्याकडं माग," ती म्हणाली, आणि डोक्यात राख घालून घरी निघून आली. पोरंही पांगली. उतरेल की संध्याकाळपर्यंत, एवढंच सगळ्यांच्या मनात. आमच्याकडं पडलेल्या माणसाला कोणी उठवत नाही. झोपू देतात.

ऊन कललं तरी पांड्या आला नाही. तेव्हा जिवली माझ्या दारात येऊन म्हणाली, "चल गं, आणू त्याला. खूप झालं." अजून रागातच होती. आम्ही गेलो. पांड्या होता तिथंच होता. सावली मात्र सरकून पार पलीकडं गेली होती. किती वेळ तो उन्हात पडला होता, देव जाणे. मी कपाळाला हात लावला नि चटकन मागं घेतला, तवा झाला होता तवा. अंगावर घामाचा टिपूस नाही.

टेम्पोतून दवाखान्यात नेला. पोचेपर्यंत संपला होता. डॉक्टरीणबाईनं तपासलं आणि विचारलं, "ऊन लागलं तेव्हा पाणी दिलं नाही का कोणी?"

मी म्हटलं, "बाई, तो प्यायला होता."

"कोण म्हणतं? तोंडाला वास आहे का याच्या?"

जिवली वाकली. त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. बराच वेळ तशीच वाकून राहिली. तोंड कोणी हुंगलंच नव्हतं हो! सगळ्यांनी सदरा हुंगला.

मला जिवलीचा राग येतो, खोटं कशाला बोलू? पोरांचा त्याहून येतो. आणि उन्हाचा तर इतका येतो, पण उन्हाला शिव्या देऊन कोणाचं भलं झालंय? प्रगती लग्न होऊन गेली. कपाळावरची खूण पदराखाली झाकते, आईशी जेवढ्यास तेवढं बोलते.

परवा दुपारी स्टँडसमोर एक तरणा गडी धाडकन पडला. तोंड धुळीत. लोक बाजूनं चालले. जिवली धावली, मीही सुरी टाकून मागं गेले. तिनं त्याला उताणा केला, गुडघ्यावर बसून तोंडाला नाक लावलं. त्यानं डोळे उघडले, एक घाणेरडी शिवी हासडली आणि तिला ढकललं. कळशी कलंडली.

जिवली माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"प्यायलाय गं!" ती म्हणाली. "हा नुसता प्यायलाय!"

आणि कळशीत उरलं होतं ते पाणी तिनं त्याच्या तोंडाला लावलं.