ड्राफ्ट पाहून घ्या

आमच्या घरी पाहुणा टेकला की चहाच्या आधी एक प्रश्न येतो. "यायनं चिखलदऱ्याले भट्टी कशी बसोली, ते सांगितलं का तुमाले?" विचारणारी अर्थातच आमची सौभाग्यवती. तिच्या तोंडून ऐकाल तर मी निव्वळ गाढव ठरेन. म्हणून माझ्याच तोंडून ऐका. गाढव तसाही ठरणारच आहे, पण निदान सुशिक्षित ठरेन.

मुळात अडचण अशी, की मी वऱ्हाडातला माणूस. अमरावतीत जन्मलो आणि अमरावतीतच एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली. आमच्याकडे ऊब ही विकत आणायची वस्तू नाही. मे महिन्यात ती नको म्हटलं तरी घरपोच येते. आमची सगळी अक्कल थंडाव्यावर खर्च झालेली. माठ, वाळ्याच्या ताट्या, कूलर, खिशातला कांदा! अशा माणसानं घर गरम करायच्या भानगडीत पडावं का?

पडलो.

झालं असं, की आमची मुलगी रश्मी आणि जावई अनिकेतराव यांनी चिखलदऱ्याला एक जुना दगडी बंगला भाड्यानं घेतला आणि पर्यटकांसाठी चार खोल्या सुरू केल्या. जावई पुण्याचे. तरी माणूस चांगला. बंगल्याच्या दिवाणखान्यात इंग्रज साहेबाच्या काळातली भिंतीतली शेकोटी आहे. वर धुराडं, समोर संगमरवरी कट्टा, फोटोत फार देखणी. पहिल्या हिवाळ्यात त्या शेकोटीत गाडाभर लाकूड जाळलं. ऊब सगळी धुराड्यातून वर गेली. सातपुड्यावरचे ढग तेवढे शेकून निघाले आणि पाहुणे गोधड्या पांघरून जेवले. जाताना त्यांनी अभिप्राय लिहिला, 'यजमान प्रेमळ आहेत. पुन्हा येऊ, पण मे महिन्यात.'

रश्मी म्हणाली, "बाबा, अजून एक हिवाळा असा गेला तर बंगला सोडावा लागेल. मग पुणंच."

पुणं म्हटल्यावर आमच्या सौभाग्यवतीनं पोळी तव्यावरच सोडली. आज पोरगी तीन तासांवर आहे. उद्या पुण्याला गेली की दिवाळी आणि लग्नकार्य, एवढीच भेट. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तुमी रिकामेच बसून राह्यले ना? करा काहीतरी!"

अनिकेतरावांनी मोबाइलवर चित्रं दाखवली. "बाबा, जुन्या फायरप्लेसमध्ये हा वुड स्टोव्ह बसवायचा. बंद दार, समोर काच, वर पाइप. लाकूड कमी, ऊब जास्त."

"स्टोव्ह?" सौभाग्यवती म्हणाली, "म्हंजे पिन मारायचा?"

चित्रातले सगळे स्टोव्ह परदेशी होते. मी म्हटलं, "अनिकेतराव, लोखंडाची पेटी आणायला समुद्र कशाला ओलांडायचा? बडनेऱ्याहून गाडीत बसलं की अकोला. अकोल्यात काय होत नाही? माझ्यावर सोपवा."

माझ्यावर सोपवा! माणसानं निवृत्तीनंतर हे दोन शब्द कुलूपबंद ठेवावेत.

अकोल्यात मला गजूभाऊ सापडले. उन्हाळ्यात कूलर बनवायचे आणि बाकीचे महिने डाळ मिलच्या बॉयलरची धुराडी दुरुस्त करायची, असा त्यांचा धंदा. कूलरच्या रिकाम्या पेट्यांच्या डोंगरामागून त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"साहेब, अकोल्यात हीटर मांगून राह्यले तुमी? बरं हाय ना?"

"चिखलदऱ्याला हवाय हो."

"मंग ठीक. मले वाटलं, ऊन लागलं."

मी कागद काढला. शेकोटीची लांबी, रुंदी, खोली, सगळी मापं तीन प्रतींत. गजूभाऊ खूश झाले. मी म्हटलं, "मोठ्यात मोठी बनवा. दिवाणखाना मोठा आहे."

"नाई जमत. मोठी घेतली त तुमी तिले अर्धीच पेटवान, मंग निस्ता धूर. लहान घ्या. लहान भट्टी जीव लावून जळते." मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि तो ऐतिहासिक प्रश्न विचारला. "ते सगळं राहू द्या. ड्राफ्ट पाह्यला का?"

आता तुम्हीच सांगा. चौतीस वर्षं ज्यानं दुसरं काहीच केलं नाही, त्या माणसाच्या कानावर 'ड्राफ्ट' हा शब्द पडला तर त्यानं काय समजावं? आमच्या कचेरीत ड्राफ्ट म्हणजे पत्राचा मसुदा. तो खाली तयार करायचा आणि वर पाठवायचा. वरून तो लाल शेरे घेऊन परत खाली यायचा, की पुन्हा करायचा. माझी हयात त्या जिन्यात गेली. मला वाटलं, वा! हा कारागीर असून कागदोपत्री कामाचा माणूस दिसतो!

"ड्राफ्ट ना?" मी छाती पुढे काढली. "ड्राफ्ट मी स्वतः करतो."

गजूभाऊ दचकले. "सोता? तो त आपोआप याले पाह्यजे!"

"आपोआप कुणाला येतो हो? वर्षं लागतात."

"पंखा-बिंखा लावता काय?"

"पंख्याशिवायही करतो. आमच्या कचेरीत कुठे पंखा चालायचा!"

गजूभाऊंनी माझ्याकडे अशा काही आदरानं पाहिलं, की मला वाटलं, शेवटी आपली कदर अकोल्यात झाली. ते म्हणाले, "पाहा बाप्पा. मी त एवढंच सांगतो, ड्राफ्ट कमजोर असन त सगळा धूर तुमच्याच तोंडावर येते."

"लाख बोललात! माझ्या साहेबांचंही हेच म्हणणं होतं."

घरी येऊन मी लिहायला बसलो. विषय, संदर्भ, पूर्वपीठिका, सद्यःस्थिती, प्रस्ताव. पाच पानं! त्या बंगल्यात आजवर झालेली एकूण एक दुरुस्ती मी तारीखवार नोंदवली. पावसाळ्यात पंधरा दिवस तिथे राहून मी काही कामं स्वतः करवून घेतली होती, तीही घातली. पाचही पानांचे फोटो गजूभाऊंना मोबाइलवर पाठवले. दुसऱ्या मिनिटाला उत्तर आलं. अंगठा!

पाच पानं एका मिनिटात वाचून मंजूर. असा अधिकारी मला नोकरीत एकदा तरी भेटायला हवा होता. सही करता येत नसेल तेव्हा अंगठा चालतो, हा तर आपला जुना नियमच आहे.

डिसेंबरातल्या एका सकाळी गजूभाऊ पिकअपमध्ये भट्टी घालून चिखलदऱ्याला हजर झाले. काळी, ठेंगणी, चार पायांवर उभी, दाराला हातभर काच. रश्मीनं टाळ्या वाजवल्या. जुन्या शेकोटीच्या पोटात भट्टी सरकली, पाइप धुराड्यात चढला आणि पाइपभोवतीची फट पत्रा आणि मातीनं लिंपून झाली. लिंपायच्या आधी गजूभाऊंनी आत डोकं घालून वर पाहिलं होतं.

"साहेब, वर उजेड नाई दिसत."

"कसा दिसेल? बाहेर पाहा, दाट धुकं आहे. चिखलदऱ्याला डिसेंबरात वर पाहिलं की एवढंच दिसतं."

"अन् ड्राफ्ट?"

"पाठवला ना! तुम्ही अंगठा दिला."

"ते भेटलं. लय लंबं होतं. पण ड्राफ्ट तुमी बराबर पाह्यला ना?"

मला जरा रागच आला. "गजूभाऊ, दोनदा तपासलाय. एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही!"

"मंग आपल्याले काय टेन्शन!" ते म्हणाले. "आज माती वाळू द्या. उद्या पेटवा. पण आधी एक कागद पेटवून पाहा." घाटात धुकं वाढायच्या आत ते उतरून गेले. कागदाचं काय ते मला कळलं नाही. पहिला विस्तव कागदानं लावायचा, असा काही मुहूर्त असेल, असं समजून मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मोसमातले पहिले पाहुणे आले. नागपूरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, देशमुखबाई, आणि त्यांचं कुटुंब, मिळून सात जण. सगळे कुडकुडत होते. रश्मीनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पुणं होतं.

सौभाग्यवतीनं भट्टीला हळदकुंकू लावलं, मी नारळ फोडला. मग चार शब्द बोललो. नेमके किती शब्द, यावर घरात मतभेद आहेत. त्यानंतर अनिकेतरावांनी काडी लावली.

पहिला धूर दाराच्या फटीतून आला. मी म्हटलं, "नवीन आहे, येणारच."

दुसरा धूर खालच्या जाळीतून आला. मी म्हटलं, "लाकूड ओलं असेल."

तिसऱ्या धुरानंतर मी काही म्हटलं नाही, कारण तोंड उघडायची सोय राहिली नव्हती. दिवाणखान्यात कोण कुठे आहे ते फक्त खोकल्यावरून ओळखू येत होतं. "माय वो!" अशी एक हाक आली, ती आमच्या घरातली. अनिकेतरावांनी बादलीभर राख भट्टीत ओतली आणि पाच मिनिटांत नागपूरचं आख्खं कुटुंब अंगणात, धुक्यात उभं होतं. आत धूर, बाहेर धुकं. एवढी समानता मी लोकशाहीतसुद्धा पाहिली नाही.

मी गजूभाऊंना फोन लावला आणि कडक आवाजात म्हटलं, "अहो, सगळा धूर आत येतोय!"

"म्हंजे ड्राफ्ट नाई!"

"ड्राफ्ट कसा नाही? पाच पानी आहे!"

"साहेब... ड्राफ्टची पानं कोठून आनली तुमी?"

"तुम्हाला पाठवली तीच की!"

"अरे बाप्पा! ते ड्राफ्ट होतं? मले वाटलं, तुमी बंगल्याचा इतिहास लिहून राह्यले! साहेब, ड्राफ्ट म्हंजे हवेची ओढ! धुराडं धुराले वर ओढते ना, त्याले म्हनते ड्राफ्ट! म्हून त म्हनलं, कागद पेटवून पाहा. धूर वर गेला त ड्राफ्ट हाये, खाली आला त नाई!"

फोनचा आवाज मोठा होता. अंगणातल्या अकरा माणसांनी तो ऐकला. अकरापैकी दहा जण माझ्याकडे पाहत होते. अकरावा मीच.

"बाबा," अनिकेतराव सभ्यपणे म्हणाले, "आता तरी पाहू या का? कागद आहे?"

कागद! खिशात हात घातला तर हाताला लागली ती तीच पाच पानं. भाषणात आधार म्हणून ठेवली होती. आम्ही दोघं नाकाला रुमाल बांधून आत गेलो, खिडक्या उघडल्या आणि राख बाजूला सारून भट्टीत पहिलं पान पेटवलं. विषय आणि संदर्भ सरळ माझ्या डोळ्यांत आले. दुसरं पेटवलं. पूर्वपीठिका नाकात गेली. तिसरं पेटवणार, एवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

"थांबा! ते आणा इकडे."

देशमुखबाई! चष्मा पुसत त्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पान हातात घेतलं आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचू लागल्या. "'मुद्दा क्रमांक सात. पावसाचे पाणी तसेच माकडे आत येऊ नयेत, या दृष्टीने धुराड्याचे वरील तोंड जाड पत्र्याने बंद करण्यात आलेले असून त्यावर दोन मोठे दगड ठेवण्यात आलेले आहेत. सदर काम अधोस्वाक्षरीकाराने जातीने करवून घेतले आहे.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे अधोस्वाक्षरीकार कोण?"

नाकाला रुमाल बांधलेल्या माणसानं हात वर केला.

होय हो, मीच! जुलैत माळ्याला शिडीवर चढवून, खालून 'अजून एक दगड ठेव' असं मीच ओरडलो होतो. मीच केलं, मीच लिहिलं, दोनदा तपासलं. फक्त वाचलं नाही. कारकुनानं तपासायचं असतं, वाचायचं साहेबानं!

सौभाग्यवती दारातूनच म्हणाली, "चौतीस वर्षं यायचं लिहिलेलं कोनी वाचलं नाई, म्हून त हापिस चाललं!"

अनिकेतराव शिडी घेऊन छपरावर गेले. एक दगड पडला, दुसरा पडला, पत्रा खणकन अंगणात आला. आणि काय सांगू! खाली धुराड्यानं असा काही श्वास घेतला, की भट्टीतली राख भुरकन वर उडाली.

अर्ध्या तासात दिवाणखाना उबदार झाला. नागपूरकरांनी स्वेटर काढले, सौभाग्यवतीनं गरम पिठलं वाढलं. देशमुखबाई भट्टीपासून हलेचनात. जाताना त्यांनी अभिप्राय लिहिला, 'ऊब उत्तम. करमणूक त्याहून उत्तम. पुढच्या डिसेंबरच्या खोल्या आताच राखून ठेवा.' रश्मीनं तो मला तीनदा वाचून दाखवला. बंगला राहिला, पोरगी तीन तासांवर राहिली.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी देशमुखबाईंनी ती उरलेली तीन पानं मला परत दिली होती. वरून खाली परत आलेला ड्राफ्ट, माझ्या ओळखीचंच दृश्य. मी भट्टीचं दार उघडलं आणि तिन्ही पानं आत सरकवली. ती पेटली, वळली आणि पाइपातून सूं करत निघून गेली.

चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही लाल शेरा न घेता सरळ वर गेलेला माझा हा पहिला ड्राफ्ट.