वरच्या मजल्यावरचा मोठा माणूस

फ्रीमाँटच्या अपार्टमेंटच्या दारावर दुसरी नोटीस चिकटवलेली दिसली, तेव्हा माझ्या हातात दुधाचा गॅलन होता. तो तसाच धरून मी उभ्या उभ्या ती वाचली. पहिल्या नोटिशीत ‘कृपया’ होतं, हिच्यात नव्हतं. खालच्या मजल्यावरून पुन्हा तक्रार आली आहे, तुमच्या घरात कोणीतरी दिवसभर बूट घालून धाडधाड चालतं, तिसरी तक्रार आली तर लीज रिन्यू होणार नाही.

“बूट?” नवरा संध्याकाळी म्हणाला. “आपल्याकडे? अगं, आपण चपलासुद्धा दाराशी काढणारी माणसं! मी मॅनेजरला मेल टाकतो की आम्ही अनवाणी राहतो.” त्याला नोटिशीपेक्षा बुटांचा आरोप जास्त झोंबला होता.

मला दिसत होती ती मुलीची शाळा. इथे शाळा राहत्या पत्त्यावरून मिळते. नुसता रस्ता ओलांडून पलीकडे राहायला गेलात, तरी ती बदलते. नवऱ्याच्या प्रोजेक्टांपायी पोरीच्या आधीच दोन शाळा झाल्या होत्या आणि दुसऱ्या शाळेत ती वर्षभर तोंडातून शब्द काढत नव्हती. घरी अखंड टकळी, वर्गात मुकी. टीचर मला बोलावून विचारायच्या, हिला ऐकू येतं ना नीट? या तिसऱ्या शाळेत मात्र तिला एक मैत्रीण भेटली, पुढचे दात पडलेली, भयंकर बडबडी. तिच्या नादाने आमची बोलायला लागली. लीज गेलं असतं तर शाळा गेली असती, मैत्रीण गेली असती आणि पोरगी पुन्हा गप्प झाली असती. एवढं सगळं त्या दारावर सेलोटेपने चिकटलेलं होतं.

मी भित्री आहे. फोडणीच्या धुराने अलार्म वाजेल म्हणून पहिलं वर्षभर जिरं तडतडायच्या आधीच शेगडी बंद करायचे. आमच्या घरी त्या वर्षीच्या आमटीला चवच नव्हती. आता तर भ्यायला खरंखुरं कारण मिळालं होतं. ते कारण उंच होतं, पांढरे केस बारीक कापलेलं, आणि हॉस्पिटलचे निळे कपडे घालायचं. आम्ही शाळेला निघायचो तेव्हा ही खालची बाई रात्रपाळी करून गाडी लावत असायची. कधी हसली नाही. ती दिवसा झोपायची, आणि झोपमोड झाली की झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. ठक ठक ठक. तो आवाज माझ्या तळपायातून आत शिरायचा.

माझा संशय सरळ मुलीवर गेला. घरात उड्या मारणारी तीच. मी तिच्या मागे लागले.

“हळू गं! पाय नको आपटू. खाली मावशी झोपल्यात.”

“शी इज नॉट माय मावशी.”

“असू दे. तरी हळू.”

सकाळी पोरगी शाळेत असते, मग दिवसभर आवाज कुणाचा, एवढं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण भीती वाटली की माझं आधी डोकं बंद पडतं. मग मी फोन उचलून बहिणीला लावायचे आणि कॉलिंग कार्ड संपेपर्यंत रडगाणं गायचे. ती नागपुरात रात्रीची भांडी आवरत असायची आणि वैतागून म्हणायची, “तू आधी एका जागी बस पाहू, यार. माझंच डोकं फिरतंय.”

मग एकदा पोरगी मैत्रिणीशी फोनवर बोलताना ऐकू आली. “यू कान्ट कम ओव्हर. वी आर नॉट अलाउड टू वॉक.” बोलून झाल्यावर ती चवड्यांवर चालत खोलीत गेली आणि दार अगदी अलगद लावलं. शाळा बदलायच्या आधी मीच तिला गप्प करत होते.

त्या शनिवारी नवऱ्याने साऱ्या जन्माचा सॉफ्टवेअरचा अनुभव पणाला लावला. “आधी प्रॉब्लेम रिप्रोड्यूस झाला पाहिजे. तू खाली जाऊन ऐक. आम्ही दोघं वर एकेक करून चालतो.”

“मी? तू जा ना!”

“मी गेलो तर ती पोलिसांना फोन करेल. तुला बघून कोण घाबरणार?”

“आणि मी घाबरले तर?”

“तू घाबरलेलीच असतेस. त्यात नवीन काय?”

मी नारळाच्या वड्या केल्या होत्या. “नेऊ नकोस, लाच वाटेल,” म्हणून त्याने त्याही ठेवून घेतल्या. रिकाम्या हातांनी काय करायचं ते सुचेना, म्हणून जिना उतरताना मी ओढणीच घट्ट धरली.

दार साखळीपुरतं उघडलं. जिनाभर पाठ केलेलं इंग्रजी वाक्य पळालं. “मी वरची,” एवढंच निघालं. फटीतला डोळा माझ्याकडे बघत राहिला. मग साखळी निघाली.

आत भर दुपारी अंधार. खिडकीवर जाडजूड ब्लँकेट ठोकलेलं. सोफ्याच्या वर छताला बारीक बारीक गोल खळगे पडलेले होते. ते कशाचे, ते कळल्यावर मला घाम फुटला. मी चाचरत आमची योजना सांगितली. ती हाताची घडी घालून छताकडे बघू लागली. मीही बघू लागले.

वर नवरा चालायला लागला. आपला माणूस खालून ऐकायला चमत्कारिकच वाटतं. पावलं स्वयंपाकघरात गेली, थांबली आणि फ्रिज उघडल्याचा आवाज आला. वड्या.

“हा नाही,” बाई म्हणाली.

मग धपधप उड्या.

“ही छोटी. हिचं काही नाही. ती शाळेतून आली की मला कळतं, उठायची वेळ झाली.” ती माझ्याकडे वळली. “मी म्हणतेय तो तुमच्याकडचा मोठा माणूस. घरीच असतो तो. सकाळपासून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतो, थांबतच नाही. त्याला काही त्रास आहे का? मी एकटी राहते. कधी कधी वाटतं, हा आता खाली येईल.”

घरात आम्ही तिघं. त्यांतले दोघं वर होते.

“तो मोठा माणूस,” मी म्हटलं, “मी आहे.”

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझं टाळकं तिच्या खांद्यालाही लागत नव्हतं. “चालून दाखवा,” ती म्हणाली.

मी चालले की आधी टाच आपटते, हे मला चाळिशीच्या तोंडावर, एका परक्या बाईच्या हॉलमध्ये, तिच्या काचेच्या कपाटातले कप किणकिणल्यावर समजलं. आपल्याकडच्या सिमेंटच्या स्लॅबने माझी ही चाल इतकी वर्षं पोटात घातली होती. इथल्या लाकडी जमिनीने चव्हाट्यावर आणली.

“पण फेऱ्या कशासाठी मारता?”

“भीती वाटते म्हणून.”

“कशाची?”

“तुमची.”

ती हसेल असं वाटलं होतं. ती सोफ्यावर बसली आणि तोंडावर हात ठेवून माझ्या पावलांकडे बघू लागली. “जाड सोलच्या स्लिपर्स घ्या,” मग म्हणाली. “आणि माझी भीती वाटली तर बसून वाटू द्या.”

स्लिपर्स आणल्या. बहिणीला फोन करताना मी सोफ्यावर मांडी ठोकून बसायला शिकले. ठकठक थांबली, तरी दर सकाळी मी त्या आवाजाची वाट बघतच होते. मग अपार्टमेंटच्या ऑफिसातून लीजसाठी बोलावणं आलं.

मॅनेजरने कागद पुढे सरकवायच्या आधी विचारलं, “खालच्या बाईंशी बोललो मी. त्या म्हणतात, तुमच्याकडचा तो मोठा माणूस आता तिथे राहत नाही. खरं का?”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. लीजवर आमची तीनच नावं होती. चौथ्या माणसाला घरात ठेवणं म्हणजे आणखी एक नोटीस.

“हो,” मी म्हटलं, “गेला.” आणि तो कोण होता, कुठे गेला, हे विचारायच्या आत पेन ओढून घेऊन सही केली. मग पेन नवऱ्याच्या हातात दिलं. मुलीला पुढच्या वर्षी तीच शाळा मिळाली.