काकडीचा वेल कशानं जळला

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात बायकोनं लोहारा गावातल्या आमच्या घरामागे काकडी लावली. बी माहेरचं, घाटंजीकडचं, चिंधीत बांधून आणलेलं. मांडवासाठी तिच्या भावानं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या आणून टाकल्या. "कापूस तर झाला नाही, काड्या तरी कामी येऊ द्या भाऊजी," म्हणाला आणि हसला.

मी कचेरीतला माणूस. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, हेही मला तिनंच दाखवलं. मादी फुलामागे नखाएवढी, लव असलेली काकडी आधीपासूनच असते. तिच्याकडे बोट करू द्यायची नाही. "बोट दाखवलं का सडते ते." रोज सकाळी चहाआधी ती वेलीपाशी उभी असायची.

मग पानांवर लाल भुंगे आले. पानांची चाळणी करून टाकायचे. ती पाणी तापवायच्या चुलीतली राख पहाटेच्या दवावर भुरभुरवायची. तेवढ्यात तिची पाळी आली. आमच्याकडे चार दिवस बाजूला बसायची रीत होती, आणि वेलीच्या वाऱ्यालाही जायचं नाही हा आईचा नियम. तिनं मला सांगितलं, "दव हाय तवरच राख टाकजा. विसरू नका."

एक दिवस टाकली. दुसऱ्या दिवशी उठायला उशीर झाला. कचेरीत शेती असलेल्या एका सोबत्याला भुंग्यांचं सांगितलं, तर तो म्हणाला, "औषधाची अर्धी बाटली पडून हाय माझ्याजवळ. बोंडअळी तर मरत नाही लेकाची, तुझे भुंगे तरी मरतीन."

त्या वर्षांत आई असली बाटली घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. पेपरात कुठल्या ना कुठल्या गावी कुणी औषध पिऊन गेल्याची बातमी असायचीच. माझं वाचून व्हायच्या आधी ती पेपर घडी करून ठेवायची. म्हणून मी बाटली डब्याच्या पिशवीतून आणली. संध्याकाळी आई देवळात गेल्यावर मगभर पाण्यात अंदाजानं दोन टोपणं ओतली, कडुलिंबाच्या डहाळीनं वेलीवर शिंपडली आणि बाटली कुंपणापलीकडे खड्ड्यात पुरली. चौथ्या दिवशी न्हाऊन आल्यावर हिला भुंग्यांविना वेल दाखवायचा, असा माझा बेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानांच्या कडा पोळल्यासारख्या पांढऱ्या पडल्या. चौथ्या दिवशी अख्खा वेल मांडवावर लोंबत होता.

आई बघत राहिली. मग हिला म्हणाली, "तू आलती काय इकडं?"

"परवा सकाळी. दारातूनच पाह्यलं."

"सावली तर पडली ना पोरी."

आई दुष्ट नव्हती. थकून बोलल्यासारखं बोलली, नंतर हिला चहाही करून दिला. पण ही मान खाली घालून म्हणाली, "माझंच चुकलं. राहवलं नाही मले."

मी तिथंच उभा राहून दात घासत होतो. चूळ भरली आणि आंघोळीला गेलो. बस, इतकंच केलं मी.

बाटलीचं ऐकून आई घाबरली असती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की साधी राख टाकायला उठता आलं नाही, यावर दोघी हसल्या असत्या. ते हसणं मला नको होतं.

तिनं काकडी दरवर्षी लावली. पण त्या चार दिवसांत ती मागचं दारही उघडत नसे. आई गेली, बाजूला बसणं बंद झालं, तरी मागचं दार तिनं उघडलं नाही.

मुलीला तेरावं लागलं आणि पाळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ती कोशिंबिरीसाठी काकड्या तोडायला टोपली घेऊन मागच्या दारी निघाली. बायकोनं तिचा हात धरला. "नको बाई. माझ्यापायी एक वेल गेला हाय."

"तुझ्यापायी नाही," मी म्हणालो. "मी औषध टाकलतं."

तिला कळायला वेळ लागला. "कोणतं?"

"कपाशीचं."

"किती?"

"दोन टोपणं. मगभर पाण्यात."

ती उंबरठ्यावर बसली. "कपाशीले तरी टाकते का कोणी एवढं?" मग, "सासूबाईले सांगतलं नाही?"

"नाही."

"मले तरी सांगाचं होतं. मी काय खाल्लं असतं तुमाले?"

आदल्याच वर्षी तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं. म्हणजे ज्या दिवसांसाठी हे तिला कळायला हवं होतं, ते दिवस संपल्यावर मी तोंड उघडलं होतं. तिच्याही ते लक्षात आलं असावं. तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

मग पोरीचा हात सोडला. "जाय. कोवळ्या पाहून तोड. देठ पिळ, ओढू नको, वेल दुखते."

मुलगी मांडवाखाली गेली. मी उंबरठ्यावर शेजारी जाऊन बसलो. बायको उठून गेली नाही.