भरावाच्या आधीचे बोर्ड

बीड जिल्ह्यातल्या कडा गावात आमच्या घराशेजारी जी शेड आहे, तिच्यातले विजेचे सगळे पॉइंट जमिनीपासून बरोबर सहा इंचांवर आहेत. हे नियोजन माझं. (मी गणिताचा निवृत्त मास्तर आहे, हे आत्ताच सांगून मोकळा होतो.)

झालं असं, की माझ्या बायकोनं, सुमननं, जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. माझा धाकटा भाऊ दत्ता वेल्डिंग करतो. त्यानं एक जुना टेम्पो घेतला आणि तिच्यासमोर मला म्हणाला, "दादा, यात पलंग, शेगडी, फ्रिज समदं बसवतो. दिवाळीत वहिनीला घरासकट कोकणात नेऊ!" सुमननं त्याच संध्याकाळी पिशव्या भरायला घेतल्या.

टेम्पोसाठी शेड उभी राहिली. आता वेल्डिंगला जाड वायरीचा वेगळा पॉइंट, टेम्पोतल्या फ्रिज-पंख्याला दोन, उजेडाला एक... मला चैन पडेना! खडूनं भिंतीवर खुणा करायच्या, पुसायच्या, परत करायच्या. चहासुद्धा उभ्यानंच.

वायरमन सलीमभाई बीडहून आले. म्हणाले, "सर, शेड खड्ड्यात हाय. आधी मुरूम भरून घ्या, मग बोर्ड बसवू."

"तोवर काय हात बांधून बसू?"

"कावून एवढी घाई करता?"

"सलीमभाई, उंची मी मोजलीय. तीन फूट!"

"ते खरं, पण कुठून?"

असले फालतू प्रश्न मी वर्गातही ऐकून घेत नसे. बोर्ड बसले. आठवड्यानं भराव पडला, वर कोबा झाला. एकूण अडीच फूट! तीन वजा अडीच. दुसरीतल्या पोरालाही आलं असतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण टेम्पो आत घालायला गेलो, तर त्याचं टप शटरच्या चौकटीला अडलं!

"जमीन वर आली, चौकट तिथंच राहिली," सुमन कपाळाला हात लावून म्हणाली. "टेम्पो बाहेर, बटणं आत. अहो, जायचं हाय का न्हाई समुद्राला?"

"जायचं म्हणजे जायचंच!"

केबल ओढून दत्तानं बाहेरच वेल्डिंग सुरू केलं. मी नियम काढला, बटणाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

"दादा, चालू!" वाकलो. "दादा, बंद!" वाकलो. "चालू!... थांबा थांबा, बंद!" पोरांना कधी काढायला लावल्या नसतील एवढ्या उठाबशा मी दोन दिवसांत काढल्या. तिसऱ्या दिवशी पलंगाचा शेवटचा पाय जोडला. "दादा, बंद!" मी वाकलो आणि तसाच राहिलो. कंबरेत उसण!

डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस प्रवास बंद. आणि दिवाळी तर आठवड्यावर! सुमनचा चेहरा एवढासा झाला. "मग मीबी न्हाई जात," म्हणाली. मला लई वाईट वाटलं. माझ्या उतावळेपणापायी तिचा समुद्र जात होता.

"तू जा गं," मी म्हणालो.

"बरं!" म्हणाली आणि दत्ता आणि त्याच्या बायकोबरोबर निघालीसुद्धा. मला वाटलं होतं, निदान आणखी एकदा तरी नको म्हणेल.

चौथ्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला. घराच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून माझं अंथरूण शेडमध्येच होतं. फोन चार्जिंगला, वायर आखूड; मी पालथा पडून फोन उचलला.

"अहो, दिसतोय का? लई मोठा हाय हो!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमी पायजे होता."

काहीतरी गोड बोलावं म्हणून मी तोंड फोनजवळ नेलं. आता खोटं कशाला बोलू? मी विचारलं, "भरती किती फुटांनी येते?"