कुंकू लागलेलं पत्र

ओल्या हळदीकुंकवाचा वास आला की मला ते बँकेचं पत्र आठवतं. आमच्या ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं होतं आणि बँकेनं तसं बेबाकीचं पत्र लिहून दिलं होतं. ते परभणीच्या आरटीओत दिलं की आरसी बुकावरचं बँकेचं नाव निघणार होतं. झरीच्या बँकेतून घरी आलो तसं मी ते पत्र देवापुढं ठेवलं. सकाळी आईनंच घडी घालून पाकिटात दिलं. परभणीला दोन तास रांगेत उभा राहिलो, तर खिडकीतल्या बाईंनी पत्र उलगडून परत सरकवलं. "शिक्का वाचायला येत नाही, दादा. बँकेतून दुसरं आणा." आईनं पत्राला ओलं हळदीकुंकू लावलं होतं, सही आणि शिक्का दोन्ही त्या लालात पसरून गेले होते. भर उन्हात एसटीनं घरी आलो तेव्हा ती ओसरीवर शेजारणींबरोबर तूर पाखडत बसली होती. "कागदाला कुणी कुंकू लावतं का? लय अडाणी हायेस तू!" मी सगळ्यांदेखत ओरडलो. सूप खाली ठेवत ती म्हणाली, "मला वाटलं, ट्रॅक्टर आज आपला झाला." दुसऱ्या दिवशी बँकेच्या साहेबांनी हसत हसत दुसरं पत्र दिलं, दहा मिनिटंही लागली नाहीत. आता घरात काहीही नवं आलं की आई करंडा घेऊन आधी माझ्याकडं बघते. "लावू का?" मी घाईघाईनं "लाव की" म्हणतो, आणि ती कुंकवाचं बोट मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी टेकवते.