आडनावानं सापडलेला पत्ता

माझी ताई खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवते. ऑफिसच्या खुर्च्या, दवाखान्यातली बाकडी, जे काही उसवेल-फाटेल ते तिच्याकडे येतं. धंदा वडिलांचा. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला, म्हणून त्यांनी तिला शिकवला. बारीक खिळे ओठांत धरून काम करायची तिला सवय आहे, त्यामुळे दिवसभर ती फारशी बोलतच नाही. तिच्या वाट्याचंही मीच बोलते. मी बसमध्ये कंडक्टर आहे. आवाज देवानं दिलाय आणि राग आईकडून आलाय. हे सगळं मी चिडूनच सांगणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तिचा नवरा म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय. त्याला मी भावोजी म्हणायचे, आता तो शब्द जिभेवर येत नाही. विमा विकायचा, शेजारच्या म्हाताऱ्यांची बिलं भरून द्यायचा, चारचौघांत आवाज म्हणून चढायचा नाही. घरात मात्र हात चालायचा. शेवटी त्यानं तिचं मनगट दारात धरून दार लावलं आणि डॉक्टरांना हसून सांगितलं, "फार धांदरट आहे हो ही." धांदरट! अहो, डोळे मिटून रेषेत खिळे ठोकणारी बाई ती! प्लास्टर निघालं त्या दिवशी ती एक पिशवी घेऊन बाहेर पडली, ती परत गेली नाही.

अशा बायकांसाठी सरकारी ऑफिस आहे. आम्ही दोघी तिथं गेलो. पुढे कोर्टाचा हुकूम मिळाला: त्यानं तिच्या आसपास फिरकायचं नाही, आणि तिचा नवा पत्ता त्याच्या नजरेला पडता कामा नये. तिथला कारकून माणूस वाईट नव्हता. आम्हाला पाणी दिलं, म्हणाला, "निश्चिंत राहा ताई. पत्ता या कॉम्प्युटरच्या बाहेर जात नाही. पासवर्ड फक्त मला माहीत."

ताईनं त्याच्याकडे एकच मागितलं. "फाइलवर त्याचं आडनाव नको. माहेरचं घाला."

"ओळखपत्रावर असेल तेच घालावं लागतं," कारकून म्हणाला. "तेवढ्यानं काय होतंय?"

तेवढ्यानं काय झालं, ते ऐका.

ताईनं शहराच्या दुसऱ्या टोकाला दुकान टाकलं, मागे राहायची खोली. तिचा जम बसला. मी सुट्टीच्या दिवशी जायचे, तर ही बया गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर मला बसवून म्हणायची, "जरा जोर लाव, स्प्रिंग बघायची आहे. तुझ्यासारखं वजन दुसरीकडे कुठे मिळणार?" ती पुन्हा चेष्टा करायला लागली होती. मला तेवढं पुरेसं होतं.

आणि एका दुपारी तो दारात उभा. हातात मोडकी खुर्ची. म्हणाला, "ही दुरुस्त होईल का?"

ताई जागची हलली नाही. तो आत आला, सगळीकडे नजर फिरवली, नि मजेत म्हणाला, "तुला शोधायला काही कष्ट पडले नाहीत गं. तुझ्या सरकारनंच दिला पत्ता." कसा दिला तेही त्यानं रंगवून सांगितलं. मग खुर्ची तिथंच ठेवून गेला. "न्यायला येईन," म्हणाला.

नंतर पोलिसांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी आपला गिऱ्हाईक म्हणून गेलो होतो, दुकान कुणाचं ते मला काय ठाऊक.

ताईनं मला फोन केला तेव्हा माझी ड्यूटी संपत आली होती. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तडक त्या ऑफिसात गेले.

"पत्ता बाहेर गेला कसा?" मी विचारलं.

कारकुनाचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "प्रिंटर बंद आहे हो. मागणी वर पाठवली आहे. तोवर आम्ही समोरच्या दुकानातून प्रिंट काढतो."

"नेता कशात?"

त्यानं शर्टाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला. नखाएवढी वस्तू. तिला घरच्या किल्ल्यांचा जुडगा लटकत होता. त्याच्या डोक्यावर, भिंतीवर, मोठ्या अक्षरात सूचना लावलेली: खासगी पेन ड्राइव्ह वापरण्यास सक्त मनाई.

मी सूचनेकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "हा खासगी नाही म्हणजे... आहे माझाच, पण कामासाठीच वापरतो."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! पासवर्ड लावून जपलेल्या बायका हा माणूस किल्ल्यांबरोबर खुळखुळवत रस्ता ओलांडून नेत होता.

समोरच्या दुकानात गेले. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन. दुकानदारानं एकदम सरळ सांगितलं, "लोकांच्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस फार असतात. मशीन अडकतं. म्हणून आम्ही फाइल आधी आमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, मग प्रिंट देतो."

"आणि नंतर पुसता?"

"वेळ कुठे असतो बाई?"

त्यानं ताईला रंगवून सांगितलं होतं, ते सगळं तिथंच घडलं होतं. ताईच्या नवऱ्यालाही ऑफिसानं त्याचं म्हणणं छापून आणायला सांगितलं होतं. तो याच दुकानात आला. त्यानं आपली फाइल दिली, दुकानदारानं उतरवून घेतली, पण गर्दी होती, म्हणून कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. "आडनाव टाका, सापडेल." त्यानं स्वतःचं आडनाव टाकलं. समोर दोन फाइली आल्या. एक त्याची, एक ताईची. अर्ज, मनगटाचे फोटो, नवा पत्ता, वर कुठल्या गल्लीत वळायचं तेही.

मी त्या दुकानदाराला माझ्यासमोर सगळं पुसायला लावलं. पुसता पुसता स्क्रीनवरून नावं सरकत होती. किती बायका असतील, देवाला माहीत. त्यातल्या कुणाच्या नवऱ्यानं काय शोधलं असेल, ते कोण सांगणार? मी रडले तिथं, खरं सांगते, रागानं रडले.

त्या ऑफिसच्या साहेबीणबाईंनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. चांगल्या बोलल्या. झालं ते वाईट झालं, कारकुनाला नोटीस दिली आहे, आता कडक लक्ष ठेवू, म्हणाल्या. वरातीमागून घोडं. मी विचारलं, "प्रिंटर आला का?"

त्यांनी नवा अर्ज पुढे केला. "तुम्ही घर बदललंच असेल. नवा पत्ता लिहा, म्हणजे त्या हद्दीतल्या पोलिसांना कळवता येईल. पत्त्याशिवाय संरक्षण मिळायचं नाही."

ताईनं अर्ज वाचला. सही केली. पत्त्याची चौकट कोरी ठेवून कागद परत दिला.

"अहो, पत्ता राहिला," बाई म्हणाल्या.

"राहू दे."

"मग आम्ही तुम्हाला वाचवणार कसं?"

"मी वाचते माझी मी," ताई म्हणाली. "तुम्ही फक्त मला कुठे लिहू नका."

बाहेर पायरीवर मी तिचा दंड धरला. "मला तरी सांग कुठे जाणार आहेस ते."

तिनं माझा हात हळूच सोडवला. मग म्हणाली, "नाही सांगत. रागावू नकोस." मी रागावले. वाट्टेल ते बोलले तिला. माझ्यावर विश्वास नाही का, मी सख्खी आहे की कोण आहे, सगळं बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि गेली. अधूनमधून फोन येतो. आवाजावरून बरी वाटते. कुठून बोलतेस, हे विचारायचं नाही असं ठरलंय.

गेल्या आठवड्यात तो माझ्या बसमध्ये चढला. बाजूच्या सीटवर नीट बसला, सुट्टे पैसे काढले, नि खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्याशी वाकडं नाही माझं. तुझी ताई कुठे आहे, तेवढं सांग."

"मला माहीत नाही."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि त्याचं हसू गेलं. लोकांचे चेहरे वाचूनच त्यानं विमे विकले आहेत. मी खोटं बोलत नाही हे त्याला कळलं. पुढच्या स्टॉपवर तो मुकाट्यानं उतरून गेला.

मी बेल मारली आणि दांडा धरून उभी राहिले. पायरीवर ताईला जे जे बोलले होते ते सगळं आठवत होतं. तिला सॉरी म्हणायला जायचं होतं, त्याच क्षणी, आणि कुठे जायचं ते मला माहीत नव्हतं.