मेहुण्याच्या क्वाडची उलटी चाकं

मी माझ्या मेहुण्याच्या पाठीत टॉमी फेकून मारली, हे खरं आहे. टॉमी म्हणजे चाकाचे नट सोडायची हातभर लांब लोखंडी कांब. त्याची फासळी मोडली. आमच्या वस्तीवर लोक म्हणतात, बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, मेहुण्याचा जीव घ्यायला निघाला होता. निघालो होतो. पण टॉमीनं नव्हे. टॉमी मारली ती त्याला वाचवायला.

सोलापूर सोडून मोहोळच्या बाजूला निघालं की रस्त्याकडेला माझं पत्र्याचं शेड आहे. जन्मभर ट्रॅक्टर खोलले आणि जोडले. शाळा चौथीपर्यंत. मास्तरनं कान पिळला, मी पाटी त्याच्या डोक्यात घातली, विषय संपला. हात पहिल्यापासून असाच. बायकोवर एकदा उचलला होता. तिनं चुलीतलं जळतं लाकूड ओढून मला ज्वारीच्या रानात बांधापर्यंत पळवलं. दंडावर डाग अजून आहे. परत तिच्यावर हात उचलला नाही.

लग्नात ती आली तेव्हा तिच्या कडेवर हा मेहुणा होता. दीड वर्षाचा. आई मेलेली, बापाला दारूतून उसंत नाही. ह्या पोराला घेऊन येईन, नाहीतर येणार नाही, असं तिनं बोहल्यावर चढायच्या आधीच सांगितलं होतं. आमच्या पोटी मूल झालं नाही. तिला त्याचं दुःख नव्हतं, तिच्याजवळ हा होता. त्याला न्हाऊ घालायची, बडवायची, परत जवळ घ्यायची. घरात शिरताना चपला भिरकावल्या की उलथनं फेकून मारायची. "सरळ ठेव, जोडीनं ठेव, तोंड भायेर करून ठेव," हे मी हजार वेळा ऐकलं असेल.

पंचेचाळिशीचा घोडा झाला आणि ह्याला रेसचा नाद लागला. हायवेवरचं एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथली जुनी क्वाड ह्यानं आणली. चार चाकांची फटफटीच ती, फुगीर टायरांची. रविवारी तळ्याच्या कोरड्या पात्रात ह्याच्यासारखीच रिकामटेकडी माणसं जमायची आणि धुरळा उडवायची.

बायकोची किडनी गेली. दवाखान्यात तीन दिवस होती. तिन्ही दिवस एकच विचारत होती, "आला का वो त्यो?" मी म्हणायचो, वाटेत हाय. त्याचा फोन बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "माज्या चपला सरळ ठिवा खाली, त्यो येऊन अडखळंल." मी ठेवल्या. तासाभरानं ती गेली.

हा आला तो स्मशानात. अंगावर तळ्यातली माती, पँटला गुडघ्यापर्यंत धुरळा. म्हणजे रेसवरनं आला होता. चिता पेटलेली होती. मी त्याच्या छातीत लाथ घातली. पडल्यावर तोंडावर घातली. चौघांनी मला धरलं. एकाच्या हाताला मी चावलो. मेहुणा उठला नाही, हातही वर केला नाही. त्यामुळं मला आणखीच चेव आला.

आठ महिने तोंड बघितलं नाही. मग एका सकाळी टेम्पोत क्वाड घालून शेडवर आला.

"दाजी."

मी मान वर केली नाही.

"वळणावर उलथतीया ही. आतली दोन्ही चाकं हवेत जात्यात. रुंद करून द्या की."

"हळू चालव."

"हळू चालवायला बैलगाडी हाय की."

"मग बैलगाडीच चालव. उलथली तर बैल तरी रडतील तुज्यासाठी."

तो हसला नाही. टेम्पो परत पाठवला आणि खाली बसला. "सोलापुरात कुणाला जमत न्हाय. आनि दुसऱ्याच्या हातावर माजा भरवसा बी न्हाय."

भरवसा म्हणे. माझ्या डोक्यात कढत तेल ओतल्यासारखं झालं. तरी जॅक लावला.

काम अवघड नव्हतं. असल्या यंत्राचं धूड उंच आणि बूड अरुंद. जोरात वळलं की वजन बाहेरच्या बाजूला जातं आणि आतली चाकं उचलतात. चाकं बाहेर सरकवली, म्हणजे बूड रुंद झालं, की ते दम धरतं. ट्रॅक्टरला आम्ही हे कायम करतो. पिकाच्या ओळी एकमेकींपासून लांब असल्या की मागची चाकं काढायची, उलटी करायची, रिमचा फुगवटा बाहेर आणायचा. वीतभर फरक पडतो आणि नवीन काही लागत नाही. तेच इथं करायचं ठरवलं. डावं चाक उलटं करून उजवीकडं घातलं, उजवं डावीकडं, म्हणजे टायरची नक्षी सुलटी राहते. मनात म्हटलं, रिसॉर्टवाल्या शिकलेल्यांना हे सुचलं नाही.

शेवटचा नट आवळताना हाताला कळलं.

नटाचं तोंड निमुळतं असतं. ते रुतून बसावं म्हणून रिमच्या भोकालाही तसाच उतार असतो. माझ्या ट्रॅक्टरच्या चाकांना तो दोन्ही अंगांनी. ह्या रिमला एकाच अंगानं होता, आणि चाक उलटं केल्यावर तो आत गेला होता. बाहेर नट भोकाच्या काठावर नुसता टेकला होता. आवळल्यासारखा वाटत होता, पण धरलेला नव्हता. दोन-चार जोरदार वळणं, आणि चाक निघणार.

मी वाकलेलाच होतो. वरून आवाज आला, "झालं का दाजी?"

"झालं," मी म्हणालो.

चूक तोपर्यंत चूक होती. त्या एका शब्दानंतर ती चूक राहिली नाही. तळ्यात ह्याची मान मोडताना मला डोळ्यांसमोर दिसली आणि मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

त्यानं पिशवीतून बूट काढले. भिंतीजवळ गेला. पायातल्या चपला काढल्या आणि वाकून, दोन्ही हातांनी, जोडीनं ठेवल्या. तोंड बाहेर करून.

मी ओरडलो तोवर त्यानं क्वाड सुरू केली होती. शेडमागं माझं पडीक रान आहे, तिथं चक्कर मारायला निघाला. त्या आवाजात माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? मी पळालो. अडुसष्ट वर्षांचे गुडघे घेऊन पळालो. हातात टॉमी होती. पहिलं वळण घेऊन तो माझ्या समोरून गेला तेव्हा मागचं डावं चाक लटपटताना दिसलं. पुढचं वळण विहिरीच्या दगडांकडं होतं. मी सगळा जीव एकवटून टॉमी फेकली.

ती पाठीत बसली. तो ओरडला, वळून बघितलं, ब्रेक दाबला. वेग उतरला तेव्हाच चाक सुटलं आणि बाभळीत जाऊन पडलं. क्वाड एका अंगावर घासत फिरली आणि तो मातीत फेकला गेला. दगड दोन हात पुढं होते.

तो उठला तो सरळ माझ्यावर आला. तोंड रक्तानं भरलेलं. पहिल्या ठोशात माझा दात पडला. दुसऱ्यात मी खाली.

"मारताय व्हय मला? मागनं मारताय?"

"चाक निघणार हुतं," मी म्हणालो. "मला म्हाईत हुतं. नट बसला नव्हता. म्हाईत असून झालं म्हनलो."

तो थांबला. मला वाटलं, आता रडेल. त्यानं माझं डोकं धरून जमिनीवर आपटलं. मी त्याच्या मनगटाला चावलो. दोन म्हसरं झुंजावीत तसे आम्ही त्या ढेकळांत झुंजलो, त्याची फासळी मोडलेली आणि माझ्या डोळ्यांत माती. मग दोघांचाही दम संपला आणि शेजारी शेजारी पडलो.

"का आला न्हाईस?" मी विचारलं.

"आलो हुतो. दुसऱ्या दिवशी. जिन्यापातूर आलो." त्याला धाप लागली होती. "वरनं तिचा आवाज आला, आला का म्हनून. पाय उचलंना दाजी. तिला तसं बघायचं धाडस न्हाय झालं. पळालो. मग नुसतीच गाडी फिरवीत बसलो."

हे ऐकून मला दया आली, असं म्हणणार नाही. मी पडल्या पडल्या त्याच्या तोंडात एक ठेवून दिली. त्यानं ती घेतली.

पंधरा दिवसांनी तो छातीला पट्टा बांधून परत आला. तोवर मी ओळखीच्या लेथवाल्याकडून दोन बोटं जाडीच्या गोल चकत्या कातून आणल्या होत्या. चकती हबवर, म्हणजे चाक जिथं बसतं तिथं, घट्ट बसते, तिच्यावर चाक सुलटंच येतं. बूड रुंद होतं आणि नटही आपल्या जागी बसतो. पहिल्याच दिवशी हे करायला पाहिजे होतं. नट त्यालाच आवळायला लावले. कण्हत कण्हत आवळले त्यानं.

मग चपला भिंतीजवळ ठेवल्या, बूट घातले, क्वाडवर बसला. सुरू केली नाही.

"राग गेला का वो?"

"न्हाय."

"बरं. नट बघा एकदा."

"तूच आवळलेत की भडव्या."

"तरी बघा. तुमी बघितल्याबिगर मी हालत न्हाय."

मी टॉमी घेऊन खाली बसलो. चारी चाकांचा एकेक नट, सगळं वजन टाकून बघितला. एकही हलला नाही. उठलो, आणि परत पहिल्या चाकापासून बघायला बसलो.